हळू केलं आणि बिघडलं: एका ट्रान्समॉनमधली पाच मेगाहर्ट्झची चूक

जुलैतल्या एका सोमवारी आमच्या ज्युनिअरनं लॅबच्या रजिस्टरमध्ये केलेली नोंद अजून तशीच आहे: "स्टिरॅप ८८ टक्के. शुक्रवारी ९६ होतं. सेटअपमध्ये काही बदल नाही." स्टिरॅप ही आमच्या क्वांटम सर्किटाला एका ऊर्जापातळीवरून दुसरीवर नेण्याची पद्धत, आणि टक्के म्हणजे शंभरातले किती वेळा ते तिथे पोचलं. नोंदीतलं शेवटचं वाक्य चूक होतं. ते कळायला आम्हाला नऊ दिवस लागले, आणि त्यातले सहा दिवस आम्ही जो उपाय करत होतो त्यानं दुखणं वाढतच होतं.

लॅब दक्षिण मुंबईतली, नाव महत्त्वाचं नाही. माणसं चार: सर, मी, सांगलीहून आलेला पहिल्या वर्षाचा ज्युनिअर, आणि क्रायोजेनिक्स, म्हणजे चिप अतिथंड ठेवणारा फ्रीज, सांभाळणारे काका. काकांचं शिक्षण आयटीआयचं आहे आणि फ्रीजच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचाच असतो.

मांडणी

नीलमणी म्हणजे सफायरच्या चिपवर ॲल्युमिनियमचं एक सर्किट, त्यात दोन जोसेफसन जंक्शनांचा (अतिवाहकांमधल्या पातळ निरोधक सांध्यांचा) लूप. १० मिलिकेल्विनच्या आसपास थंड केलं की हे सर्किट एखाद्या अणूसारखं वागतं. त्याच्या ऊर्जापातळ्या ठरलेल्या असतात, मधल्या जागी काही नसतं. हाताला लागेल एवढ्या सर्किटात हे घडतं, हे १९८०च्या दशकात दाखवणाऱ्या क्लार्क, डेव्होरे आणि मार्टिनिस यांना २०२५चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या चिपवरचा प्रकार ट्रान्समॉन, २००७ साली येल विद्यापीठातून आलेला. पातळ्यांना खालून शून्य, एक, दोन म्हणायचं, आणि अंतर फ्रीक्वेन्सीत मोजायचं. शून्य ते एक या पातळ्यांमधलं अंतर ५.२१४ गिगाहर्ट्झ, एक ते दोन ४.९०४. ही दोन अंतरं सारखी नाहीत, ३१० मेगाहर्ट्झचा फरक आहे, म्हणूनच आपण एका जोडीशी बोलत असताना दुसरी जोडी गप्प बसते. निदान बऱ्यापैकी गप्प.

आम्हाला क्यूबिट, म्हणजे हे सर्किट, शून्यावरून दोनवर न्यायचा होता. थेट जाता येत नाही, ट्रान्समॉनच्या सममितीत तो रस्ता बंद आहे. सरळ मार्ग म्हणजे आधी शून्य-एकचा नेमका मापून घेतलेला मायक्रोवेव्ह पल्स, मग एक-दोनचा. पण पल्सची ताकद दोन टक्के इकडेतिकडे झाली की उत्तरही हलतं. स्टिरॅपमध्ये हा त्रास नसतो. जर्मनीत बेर्गमान यांच्या गटानं १९९०च्या सुमारास रेणूंच्या शलाकेवर बसवलेली ही पद्धत. ट्रान्समॉनवर ती फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या गटानं करून दाखवली, तो निबंध २०१६चा.

पद्धत ऐकायला उलटी वाटते. क्यूबिट शून्यावर आहे, तर आधी एक-दोनचा पल्स सुरू करायचा, जिथे अजून कोणीच नाही. तो उतरू लागला की शून्य-एकचा चढवायचा. दोन्ही पल्स एकावर एक आलेले असताना मधल्या 'एक' पातळीवर दोन्हीकडून ढकलणं होतं, पण विरुद्ध चिन्हानं. दोन्ही बाजूंनी सारख्या जोरानं रेटलेलं दार जसं उघडत नाही, तशी 'एक' पातळी रिकामीच राहते. क्यूबिट शून्य आणि दोन यांच्या एका मिश्रणात बसलेला असतो. पल्सांचं प्रमाण बदलत जातं तसं ते मिश्रण शून्याकडून दोनकडे सरकतं, आणि क्यूबिट त्याच्याबरोबर जातो. अट एकच: मिश्रण बदलण्याचा वेग बेताचा हवा. बॉर्न आणि फॉक यांनी १९२८ साली सिद्ध केलेलं अडायबॅटिक प्रमेय ते हेच.

(थर्मोडायनॅमिक्समध्ये अडायबॅटिक म्हणजे उष्णता आतबाहेर होऊ न देणं, आणि ते साधायला बऱ्याचदा घाई करावी लागते. इथे तोच शब्द संथपणासाठी वापरतात. दरवर्षी नवा विद्यार्थी यावर अडखळतो आणि दरवर्षी सर तेच समजावून सांगतात.)

आमचे आकडे असे: दोन्ही पल्सांची कमाल ताकद २५ मेगाहर्ट्झ, आकार घंटेसारखा, रुंदी ६० नॅनोसेकंद, शिखरांमधलं अंतरही ६० नॅनोसेकंद. 'एक' पातळीचं आयुष्य, म्हणजे क्यूबिट तिथून खाली गळण्याआधीचा सरासरी काळ, २८ मायक्रोसेकंद, 'दोन'चं साधारण त्याच्या निम्मं. शुक्रवारपर्यंत शंभरातले ९६ वेळा क्यूबिट दोनवर पोचत होता.

पहिला आठवडा

८८ हा आकडा मुद्दाम फसवायला बसवल्यासारखा होता. ४० आला असता तर आम्ही सरळ केबली हलवून बघितल्या असत्या. ८८ म्हणजे पद्धत चालते आहे, फक्त थोडी कमी पडते आहे. सरांनी ग्राफ बघितला आणि म्हणाले, "अडायबॅटिसिटी कमी पडतेय. रुंदी वाढव."

ज्युनिअरनं रुंदी दुप्पट केली, १२० नॅनोसेकंद. ७९ आले.

"मोजण्यात काही चुकलं असेल," मी म्हटलं. पुन्हा मोजलं, तेवढंच. २०० नॅनोसेकंदाला ६६. ४०० ला ४५. शिखरांमधलं अंतरही त्याच प्रमाणात वाढवत होतो, म्हणजे आकार तोच, फक्त सगळं ताणलेलं.

या टप्प्यावर कुठल्याही लॅबमध्ये जे होतं तेच झालं, सगळ्यांनी एका सुरात आयुष्याला दोष दिला. पल्स लांबला, तेवढ्यात दोनवरचं पॉप्युलेशन, म्हणजे तिथे पोचलेल्यांचा वाटा, खाली गळलं. ऐकायला पटतं. मग मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब केला. ४०० नॅनोसेकंद रुंदीचा पूर्ण क्रम तीनेक मायक्रोसेकंदांचा. त्यातला निम्मा वेळ क्यूबिट दोनवर असतो, म्हणजे दीड मायक्रोसेकंदाच्या आत. 'दोन'चं आयुष्य चौदा मायक्रोसेकंद धरलं तर गळती दहा टक्के. आमची तूट पन्नासची होती. तरी आयुष्य पुन्हा मोजलं. सत्तावीस आलं, म्हणजे तिथे बिघाड नव्हता.

मग ताकद तपासली. स्टिरॅप ताकदीच्या बाबतीत सहनशील असतो, पण काही तरी करायचं म्हणून. एक-दोनच्या पल्सचं रॅबी दोलन, म्हणजे पल्स चालू असताना क्यूबिटचं दोन पातळ्यांमधलं मागेपुढे होणं, २५ ऐवजी २५.५ मेगाहर्ट्झ आलं. दोन टक्के. मायक्रोवेव्ह ॲम्प्लिफायर पावसाळी हवेत एवढे हलतातच म्हणून आम्ही पुढे गेलो. तो अर्धा मेगाहर्ट्झ खरं तर गुन्हेगाराचा हातरुमाल होता. फ्रीक्वेन्सी चुकलेली असली की दोलन किंचित वेगानं होतं: २५ चा वर्ग, अधिक पाचचा वर्ग, आणि त्याचं वर्गमूळ, म्हणजे बरोबर २५.५. पण तेव्हा आमच्या डोक्यात फ्रीक्वेन्सी नव्हतीच, कारण ती आम्ही रोज सकाळी मोजत होतो.

बुधवारी सर म्हणाले, "अजून हळू करून बघू, आठशे." आकडा पंचवीसच्याही खाली गेला. त्या संध्याकाळी कुणी चहा मागवला नाही.

उरलेलं पॉप्युलेशन कुठे गेलं?

दोरी सापडली ती ज्युनिअरच्या प्रश्नामुळे. आम्ही सगळे दोनवर किती पोचले तेवढंच बघत होतो. त्यानं विचारलं, "ताई, जे पोचले नाहीत ते कुठे आहेत?"

रीडआउट तिन्ही पातळ्या वेगळ्या ओळखतो, पडद्यावर ठिपक्यांचे तीन पुंजके दिसतात. ४०० नॅनोसेकंदाचा डेटा उघडला: दोनवर ४५, एकवर २९, शून्यावर २६.

शून्यावर २६ हे गळतीनं शक्य नाही. दोनवरून निघालेला क्यूबिट आधी एकवर येतो, मग तिथून शून्यावर. एवढ्या वेळात हा दोन टप्प्यांचा प्रवास हजारात दोन-तीनच करतील. दोनवर पोचलेल्यांपैकी दहा टक्के गळाले, म्हणजे शंभरातले चार-पाच; ते एकमधून वजा केले, तर शून्य आणि एक जवळजवळ सारखे उरतात. न पोचलेलं पॉप्युलेशन अर्धं-अर्धं वाटलं गेलं होतं. नैसर्गिक गळती अशी समान वाटणी करत नाही. एखादी विशिष्ट क्वांटम अवस्थाच करते, शून्य आणि एक यांची बरोबरीची बेरीज. म्हणजे क्यूबिट वाटेत सांडला नव्हता, ठरवून दुसऱ्या पत्त्यावर गेला होता.

मग फळ्यावर तीन रेषा काढल्या. आडवा अक्ष वेळेचा, उभा ऊर्जेचा. क्रमाच्या शेवटच्या भागात एक-दोनचा पल्स जवळपास संपलेला असतो आणि शून्य-एकचा उतरत असतो. तो चालू असेपर्यंत शून्य आणि एक यांची जोडी दोन रेषांत फाटलेली असते, एक वर, एक खाली, कात्रीच्या उघड्या पात्यांसारखी. पल्स उतरतो तशी कात्री मिटत जाते. तिसरी रेषा 'दोन'ची, आडवी. दोन्ही पल्स देणाऱ्या सिग्नल जनरेटरांच्या फ्रीक्वेन्सींची बेरीज शून्य-दोनच्या अंतराशी तंतोतंत जुळत असेल, तर ही आडवी रेषा पात्यांच्या बरोबर मधून जाते आणि शेवटपर्यंत कुणाला शिवत नाही.

बेरीज पाच मेगाहर्ट्झनी चुकली तर? आडवी रेषा मधून सरकून पाच मेगाहर्ट्झ वर किंवा खाली जाते; चित्रापुरतं वर धरू. मिटणाऱ्या कात्रीचं वरचं पातं तिला ओलांडून खाली यायलाच हवं. शून्य-एकची ताकद १० मेगाहर्ट्झपर्यंत उतरते त्या क्षणी दोघं समोरासमोर येतात. तेवढ्यात एक-दोनच्या पल्सचं शेपूट, साधारण दीड मेगाहर्ट्झचं, अजून शिल्लक असतं. ते दोन रेषांना एकमेकींना छेदू देत नाही. छेदण्याच्या जागी एक मेगाहर्ट्झच्या आसपासची बारीक फट उरते, आणि रेषा तिथून एकमेकींपासून वळतात.

वेगानं आलेला क्यूबिट ही फट बघतही नाही. तो उडी मारून सरळ आडव्या रेषेवर, म्हणजे दोनवर राहतो. हळू आलेला क्यूबिट प्रमेयाचं शब्दशः पालन करतो. तो रेषेबरोबर वळतो आणि मिटणाऱ्या कात्रीच्या वरच्या पात्यावर उतरतो. कात्री पूर्ण मिटल्यावर ते पातं म्हणजे शून्य आणि एक यांची बरोबरीची बेरीज.

ज्युनिअर रोज डोंबिवलीहून येतो, त्यानं हे स्वतःच्या भाषेत लगेच लावलं: आपण फास्टची स्लो केली, आणि ती अशा स्टेशनावर थांबली जे आपल्या टाइमटेबलमध्येच नव्हतं. पब्लिक तिथेच उतरलं.

उपमा म्हणून मला हे फारच बरोबर वाटतं. फास्ट गाडीलाही ते स्टेशन लागतच होतं, म्हणूनच तर ९६ चे ८८ झाले होते. थोडे लोक चालत्या गाडीतून उतरत होते.

आकडेमोड नवी नाही. अशा फटीवरून किती जण उडी मारतात याचं सूत्र १९३२ साली लॅन्डाऊ, झेनर, स्ट्यूकेलबर्ग आणि मायोराना या चौघांनी स्वतंत्रपणे दिलं. फटीचा वर्ग वाढला किंवा वेग कमी झाला की उडी मारणारे घातांकी घटतात. पाच मेगाहर्ट्झची चूक धरून मी हिशेब केला: ६० नॅनोसेकंदाला ९०, १२० ला ८१, २०० ला ७०, ४०० ला ४९. यातून आयुष्याची गळती वजा करा, आमचे आकडे येतात. ज्युनिअरनं त्याच रात्री क्यूटिप या क्वांटम गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही पातळ्यांचं पूर्ण गणित चालवलं, तेही एक-दोन टक्क्यांच्या आत जुळलं.

पाच मेगाहर्ट्झ आले कुठून

हे कळल्यावर तपासणी दहा मिनिटांची होती. ४०० नॅनोसेकंदाचा पल्स ठेवून फक्त एक-दोनच्या जनरेटरची फ्रीक्वेन्सी पंधरा मेगाहर्ट्झ वर आणि पंधरा खाली फिरवली. शिखर अरुंद आणि स्वच्छ आलं, पण शून्यावर नाही, पाच मेगाहर्ट्झ खाली. हीच तपासणी ६० नॅनोसेकंदावर केली तेव्हा शिखर एवढं पसरट होतं की मधला भाग सपाटच वाटला. पहिल्या दिवशी आम्ही घाईत हीच तपासणी ६० वर केली होती आणि "फ्रीक्वेन्सी ठीक" असं लिहून मोकळे झालो होतो.

कारण काकांनी सांगितलं. "शनिवारी चिलरचा पंप ट्रिप झाला होता. मी लिहून ठेवलंय."

त्या शनिवारी जोरदार पावसात आमच्या भागातली वीज काही मिनिटं गेली होती. इलेक्ट्रॉनिक्स यूपीएसवर, त्याला धक्का नाही. फ्रीजचा कॉम्प्रेसर दहा किलोवॉटच्या आसपास खातो, तो यूपीएसवर नसतो, विजेच्या जनरेटरवर जातो. जनरेटर आला. पण थंड पाण्याचा पंप आपोआप सुरू होत नाही, त्याचं बटण हातानं दाबावं लागतं. पाणी नाही म्हणून कॉम्प्रेसर स्वतःहून बंद पडला. कुर्ल्याला रुळांवर पाणी होतं, काका पोचेपर्यंत पाऊण तास गेला. त्यांनी फ्रीजमधलं हीलियमचं मिश्रण काढून घेतलं, पंप लावला, पुन्हा थंड करायला घातलं. सोमवारी सकाळी तापमान १० मिलिकेल्विन. आमच्या दृष्टीनं काहीच झालं नव्हतं.

मधल्या वेळात चिप ४ केल्विनच्या वर गेली होती. ॲल्युमिनियमची अतिवाहकता १.२ केल्विनला संपते. चिप पुन्हा त्याखाली उतरली तेव्हा आसपासचं बारीकसं चुंबकीय क्षेत्र फिल्ममध्ये वेगळ्या जागी अडकून बसलं. आमच्या ट्रान्समॉनमध्ये लूप आहे, त्यामुळे त्याची फ्रीक्वेन्सी या अडकलेल्या क्षेत्रावर हलते. शून्य-एकचं अंतर ५.२१४ वरून ५.२०९ वर आलं, आणि एक-दोनचं त्याच्याबरोबर ४.८९९ वर.

सकाळची आपोआप चालणारी स्क्रिप्ट शून्य-एकची फ्रीक्वेन्सी मोजते आणि तो जनरेटर जुळवते. ते तिनं चोख केलं. एक-दोनचा आकडा त्या स्क्रिप्टमध्ये हातानं लिहिलेला होता, ४.९०४. तो मी लिहिला होता, दोन वर्षांपूर्वी, शेजारी कॉमेंट टाकून: नंतर बघू.

दोन्ही जनरेटर जुने राहिले असते तरी बिघाड झालाच असता, पण तो ओळखू आला असता. एक नवा आणि एक जुना, ही जोडी वाईट. साधे शून्य-एकचे सगळे प्रयोग उत्तम चालत होते, त्यामुळे संशय घ्यायला जागाच नव्हती.

दुरुस्तीनंतर

स्क्रिप्टमध्ये दोन ओळी घातल्या. आता सकाळी शून्य-एक जुळल्यावर क्यूबिट एकवर नेऊन एक-दोनही मोजलं जातं. ६० नॅनोसेकंदाला पुन्हा ९६. शंभरच्या आसपास ९७. ४०० ला ९०, आणि ती घट मात्र खरोखर आयुष्याची, न पोचलेले सगळे एकवर, शून्य रिकामं. आठशेला आणखी कमी. म्हणजे दोन्हीकडून बांध आहे. फार वेगानं गेलात तर मिश्रण मागे राहतं, फार हळू गेलात तर आयुष्य संपतं, आणि मध्ये जी काही शंभरेक नॅनोसेकंदांची पट्टी मिळते तिच्यात काम उरकायचं. फ्रीक्वेन्सी जुळलेली नसेल तर ती पट्टीही हातात राहत नाही.

स्टिरॅपला लेखांमधून सरसकट 'मजबूत' म्हणतात, त्यावर माझा आक्षेप आहे. पल्सच्या ताकदीबाबत, वेळेबाबत तो मजबूत आहे. दोन फ्रीक्वेन्सींच्या बेरजेबाबत तो हळवा आहे, आणि जेवढा हळू चालवाल तेवढा जास्त हळवा. शिवाय खरं सांगायचं तर, सगळं नीट जुळलेलं असेल तेव्हा दोन साधे पल्स चाळीस-पन्नास नॅनोसेकंदांत याच्यापेक्षा चांगला आकडा देतात. आम्ही स्टिरॅप वापरतो तो पुढे पातळ्यांची संख्या वाढेल तेव्हाच्या तयारीसाठी.

सरांचं म्हणणं वेगळं आहे. त्यांच्या मते चूक स्क्रिप्टची होती, पद्धतीची नव्हे, आणि मी पद्धतीवर राग काढते आहे. असेल.

एक गोष्ट मात्र आम्ही उलटी वापरायला घेतली. ४०० नॅनोसेकंदाचा क्रम, ज्यानं आम्हाला आठवडाभर छळलं, तो आता रोज सकाळी पहिला चालतो. एखाद-दोन मेगाहर्ट्झचीही चूक असली तरी तो ६० पेक्षा कितीतरी आधी खाली येतो. आणि आम्ही नुसता दोनचा आकडा बघत नाही, शून्यावर किती उरले ते बघतो. गेल्या महिन्यात एकदा शून्यावर सहा आले. ज्युनिअरनं काही मोजायच्या आधी काकांना फोन लावला: "काका, तुम्ही काल मॅग्नेटच्या शेजारची ट्रॉली हलवलीत का?" हलवली होती.

रजिस्टरमध्ये "सेटअपमध्ये काही बदल नाही" हे लिहायला आता बंदी आहे. त्या जागी काकांनी पट्टीनं आखून एक नवा रकाना केलाय: चिप शेवटची १.२ केल्विनच्या वर कधी गेली, तारीख आणि वेळ. चिलरच्या पंपाच्या बटणाशेजारीही त्यांनी मार्करनं लिहून ठेवलंय, "लाइट गेली की आधी मला दाबा."